मोंतायू : मेंढरांच्या वाटेवरचं गाव

फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनिज पर्वताच्या उत्तर अंगाला, मोंतायू नावाचं एक गाव आहे. समुद्रसपाटीपासून साधारण 1300 मीटर उंच. कायम राहणारी माणसं आज जेमतेम वीसेक. आणि तरीही सन 1300 च्या सुमारास या गावात कोणत्या घरी काय शिजत होतं, कुणाचं कुणाशी वाकडं होतं, उन्हात बसून उवा काढताना बायका कुणाविषयी बोलत होत्या, कोणती बाई कुणाकडे भांडं मागायला गेली आणि तिथे तिने काय पाहिलं, हे आपल्याला ठाऊक आहे. नावानिशी ठाऊक आहे.

युरोपातल्या मध्ययुगीन शेतकऱ्याने स्वतःविषयी काही लिहून ठेवलेलं नाही. त्याला लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना त्याच्याविषयी लिहावंसं वाटत नव्हतं. साऱ्याच्या वहीत त्याचं नाव येतं, जमिनीच्या दाव्यात येतं, एवढंच. त्याला भीती कशाची वाटायची, मेल्यावर आपलं काय होतं असं तो मानायचा, लेकरू आजारी पडलं की काय करायचा, हे बहुतेक गावांच्या बाबतीत कायमचं गेलं. मोंतायूचं मात्र राहिलं. ते का राहिलं याचं अर्धं उत्तर एका धर्माधिकाऱ्याच्या चिकाटीत आहे, आणि त्याविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे. उरलेलं अर्धं या गावाच्या जमिनीत आहे. मला ते तितकंच मोलाचं वाटतं, म्हणून आधी जमीन.

मोंतायू आज आरिएज जिल्ह्यात मोडतं, ओद जिल्ह्याच्या सीमेला अगदी खेटून. भोवती चढउतारांचं उंच पठार. प्राद, काम्युराक, कोम्यूस ही शेजारची गावंही तितकीच चिमुकली. या भागात चुनखडीचा खडक पुष्कळ आहे. चुनखडीत पाणी मुरतं आणि आतल्या आत वाटा कोरत जातं. एर्स नदी प्रादच्या वरच्या अंगाला उगम पावते आणि कोम्यूसच्या पुढे फ्राऊ नावाच्या घळीत शिरते. दोन्ही बाजूंना ताशीव कडे, मध्ये नदीला आणि पायवाटेला पुरेल एवढीच जागा. याच नदीच्या काठी आणखी खाली, बेलेस्ताजवळ, फोंतेस्तोर्ब नावाचा एक झरा आहे. पाण्याच्या दिवसांत तो सरळ वाहतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मात्र तो थांबून थांबून वाहू लागतो: भरून येतो, ओसरतो, आणि साधारण तासाभराच्या फेऱ्यात पुन्हा भरून येतो. कड्याच्या पोटात सायफनसारखी पोकळी आहे. ती भरली की ओसंडते, खाली गेली की धार आटते. घड्याळं नव्हती त्या काळात डोंगरातून ठराविक वेळाने येणारं हे पाणी पाहून माणसांना काय वाटलं असेल!

एर्सचं पाणी पुढे आरिएज आणि गारोन नद्यांमधून अटलांटिक महासागराला मिळतं. डोंगराच्या धारेपलीकडे, फार दूर नाही, रेबांतीचा ओढा उलट दिशेला ओद नदीकडे आणि तिथून भूमध्य समुद्राकडे वळतो. म्हणजे या पठाराच्या आसपास पडणाऱ्या पावसाचे थेंब दोन वेगवेगळ्या समुद्रांकडे निघतात. मोंतायू असं कडेवरचं गाव आहे, आणि कडेवरच्या गावांना वाटा अनेक असतात.

वाटा हव्याच होत्या, कारण या उंचीवर सगळं पिकत नाही. ओट आणि गहू व्हायचे, सलगम व्हायचे, ताग आणि जवस व्हायचे. द्राक्षांचा वेल इथल्या थंडीत टिकत नाही, त्यामुळे वाइन खालच्या खोऱ्यांतून खेचरांच्या पाठीवर यायची. दळण आक्सला न्यावं लागे. आज आक्स-ले-तेर्म म्हणून ओळखलं जाणारं हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथलं कुष्ठरोग्यांसाठी बांधलेलं 1260 सालचं कुंड अजून आहे. मोंतायूहून आक्सला जायचं तर 1431 मीटर उंचीची शिऊला खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. पीठ आणायचं, अंडी-कोंबड्या विकायच्या, मीठमिरी घ्यायची, आणि त्याबरोबर बातम्याही आणायच्या. हिवाळ्यात बर्फाने वाट बंद झाली की जे घरात आहे त्यावर भागवायचं: कोबी आणि कांद्याच्या पातीसारख्या लीकचं सूप, त्यात डुकराच्या चरबीचा तुकडा, भाकरीसारखा जाड पाव आणि चीज.

गाव तेव्हा दोनअडीचशे वस्तीचं, चाळीसेक घरांचं. टेकडीच्या माथ्यावर किल्ला, त्याच्या खाली उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी घरं, आणखी खाली चर्च. किल्ला फ्वा इथल्या काउंटच्या ताब्यातला. आजचं गाव त्या जुन्या जागेच्या खाली आहे. सातशे वर्षांत वस्ती हळूहळू उतार उतरत आली आणि माथ्यावर किल्ल्याच्या पडक्या भिंती तेवढ्या राहिल्या. घरं साधी होती. स्वयंपाकघर दगडाचं, वर लाकूडमातीची माडी, छतावर फळ्या. उतारामुळे मागच्या गल्लीतून एखाद्या घराचं छत डोक्याच्या उंचीवर यायचं. कुणी एकीने छताची कड डोक्याने जराशी उचलून आत चुलीपाशी कोण बसलं आहे ते पाहिलं, असा एक प्रसंग कागदांत नोंदलेला आहे. अशा गावात गुपित राहणं किती अवघड, हे या एका गोष्टीवरून कळतं.

घराला इथे फार मोठा अर्थ होता. ऑक्सितान भाषेत 'ओस्ताल' म्हणजे घर आणि कुळ दोन्ही. घराला नशीब असतं आणि ते राखावं लागतं, अशी समजूत. पोंस क्लेर्ग हा गावातल्या सर्वांत वजनदार घरातला कर्ता पुरुष वारला, तेव्हा त्याच्या मृतदेहाची नखं आणि केस कापून घरात जपून ठेवले गेले, नाहीतर घराचं भाग्य त्याच्याबरोबर निघून जाईल म्हणून. त्याचे दोन मुलगे गाव चालवत होते. बेर्नार क्लेर्ग काउंटच्या वतीने सारा वसूल करायचा आणि तंटे निवाडायचा. पिएर क्लेर्ग गावचा पाद्री होता. लौकिक आणि पारलौकिक, दोन्ही सत्ता एकाच चुलीपाशी. पिएर क्लेर्ग हा माणूस कुठल्याही कादंबरीकाराला भुरळ पडावी असा आहे: बुद्धिमान, सूडबुद्धीचा, बायकांच्या मागे लागलेला, आणि मनातून चर्चचाच विरोधक.

कारण या डोंगरात काथार पंथ जिवंत होता.

काथारांची श्रद्धा थोडक्यात अशी: हे दिसणारं, सडणारं, दुःखाने भरलेलं जग चांगल्या देवाने निर्माण केलेलं असणं शक्य नाही. ते दुष्ट शक्तीचं काम. आत्मे मात्र चांगल्या देवाचे, स्वर्गातून खाली पडलेले आणि शरीरांत अडकलेले. सुटका होईपर्यंत आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात फिरत राहतो, माणसाच्या तसाच जनावराच्याही. त्यांचे दीक्षित पुरुष, ज्यांना लोक 'भली माणसं' म्हणत, मांस, अंडी, दूधदुभतं खात नसत, ब्रह्मचर्य पाळत, खोटं बोलत नसत आणि जीव घेत नसत. मासे मात्र चालत. पुनर्जन्म आणि अहिंसा या कल्पनांशी पिढ्यानपिढ्यांची ओळख असलेल्या मराठी वाचकाला पिरेनिजच्या बर्फात त्या भेटल्या की विलक्षण वाटतं. गावकऱ्यांत एक गोष्ट सांगितली जायची. एका दीक्षिताला आठवलं की मागच्या एका जन्मी तो घोडा होता आणि एका रात्री धावताना दोन दगडांच्या फटीत त्याचा नाल निसटला होता. तो सोबत्याला घेऊन त्या जागी गेला, शोधलं, आणि नाल सापडला. आत्म्याचा जन्मोजन्मीचा प्रवास कुठल्याही धर्मग्रंथाचा आधार न घेता, पायाखालच्या दगडधोंड्यांच्या पुराव्यानिशी पटवून देणारी ही गोष्ट मला फार आवडते.

चर्चला हे मानवणं शक्य नव्हतं. 1209 साली पोप तिसऱ्या इनोसन्टच्या हाकेवरून या प्रदेशावर धर्मयुद्ध सुरू झालं. मार्च 1244 मध्ये मोंसेग्यूरचा काथार किल्ला पडला आणि दोनशेहून अधिक माणसांना एकाच दिवशी जाळण्यात आलं. मोंसेग्यूर इथून फ्राऊच्या घळीतून दिवसभराच्या चालीवर. शहरांतून आणि मैदानातून पंथ निपटून काढला गेला. डोंगरात मात्र ठिणगी राहिली. आक्सचे दोन सधन भाऊ, पिएर आणि गियोम ओतिए, घरदार सोडून इटलीत लोम्बार्दीला गेले, तिथे दीक्षा घेतली आणि 1299 च्या सुमारास परत आले. पिएर पेशाने नोटरी, म्हणजे दस्तऐवज लिहिणारा. पुढची दहा वर्षं ते आणि त्यांचे मोजके शिष्य रात्रीच्या अंधारात गावोगाव फिरत राहिले. मोंतायूत त्यांना घरं उघडी होती. माडीवर, धान्याच्या खोलीत, तळघरात ते लपत; मरणाऱ्या माणसाच्या उशाशी येऊन त्याला अखेरची दीक्षा देत. पाद्री क्लेर्ग त्यांना सांभाळून घेई.

ही अखेरची दीक्षा किती कठोर होती, ते एका आईच्या हकिकतीवरून समजतं. ही आई मोंतायूची नाही. पलीकडे ओदच्या बाजूच्या आर्क गावची सिबिल पिएर. वर्षाच्या आतली तिची मुलगी मरणाला टेकली होती. एका दीक्षिताने त्या बाळाला दीक्षा दिली आणि बजावलं, की आता हिला दूध द्यायचं नाही. ती अशीच गेली तर देवदूत होईल. पुरुष बाहेर पडले आणि सिबिलने मुलीला पाजलं. नवरा संतापला. बाळाला तू बिघडवलंस, म्हणाला. त्या वेळी जवळ असलेल्या एका तरुण मेंढक्याने तिची समजूत घातली, की यात तुझा काही दोष नाही. मूल त्यानंतर काही काळ जगलं. सातशे वर्षांपूर्वीच्या एका स्वयंपाकघरात धर्म आणि पान्हा यांची अशी गाठ पडली आणि ती नोंदली गेली, यावर माझा अजूनही पटकन विश्वास बसत नाही.

तो तरुण मेंढका म्हणजे मोंतायूचा पिएर मोरी. विणकराचा मुलगा, 1280 च्या दशकात जन्मलेला. माझ्या मते या गावाची खरी गोष्ट त्याच्याबरोबर चालते.

पिरेनिजमधली मेंढरं एका जागी राहू शकत नाहीत. उन्हाळ्यात उंच कुरणांवर गवत कोवळं आणि भरपूर. हिवाळ्यात तिथे बर्फ. म्हणून मे-जून महिन्यांत कळप वर चढवायचे आणि सप्टेंबर संपता संपता खाली उतरवायचे. गाव सोडून निघालेला मेंढका उत्तरेला ओदच्या खोऱ्यात जाऊ शकत होता, पण मोठा ओढा दक्षिणेकडचा होता. प्युईमोरँसारख्या खिंडींतून पर्वताची मुख्य धार ओलांडायची, सेर्दान्यात उतरायचं आणि तिथून कातालोनियात, आणखी खाली एब्रो नदीच्या मुखाजवळच्या तोर्तोसापर्यंत, मोरेयाच्या डोंगरांपर्यंत. शेकडो किलोमीटर, मेंढराच्या चालीने. पिएर मोरीने हे आयुष्यभर केलं. कधी आर्कच्या सधन शेतकऱ्याकडे चाकरीला, कधी आक्सच्या मालकाकडे, कधी ब्रुनिसेंद नावाच्या कातालान सरदारणीकडे. कधी स्वतःची थोडी मेंढरं बाळगून.

कुरणावर त्यांची झोपडी असे. सहाआठ मेंढके एकत्र राहत, मेंढ्यांचं दूध काढत, चीज करत. मे महिन्यात लोकर कातरणं. झोपडीत मोंतायूचा माणूस असे, सेर्दान्याचा असे, कातालोनियाचा असे. स्पेनमधला मुसलमान मेंढकाही असे. चर्चची सत्ता, राजाची सत्ता, काउंटचा सारा, हे सगळं खोऱ्यांत. वर तिघाचौघांची शेकोटी आणि बोलणं. मेंढरांबरोबर वाट चालत कल्पना इथपर्यंत आल्या आणि पुढे गेल्या. काथार पंथ शहरांतून संपला तरी डोंगरांत आणखी काही दशकं तग धरून राहिला, याचं कारण मला या वाटांत दिसतं. घरात लपलेल्या माणसाला शोधता येतं. वर्षातून दोनदा पर्वत ओलांडणाऱ्याला शोधायचं कुठे?

1308 च्या उन्हाळ्याच्या शेवटी हे शब्दशः घडलं. कारकासोनचा इन्क्विझिटर, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा प्रमुख, झोफ्र्वा दाब्लिस याच्या माणसांनी मोंतायूला वेढा घातला आणि गावातल्या यच्चयावत मोठ्या माणसांना पकडून किल्ल्यात डांबलं. अख्खं गाव एका दिवसात कैदेत! काहींना कारकासोनच्या तुरुंगात नेलं. काहींची घरं पाडली. पुष्कळांना कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून फिरण्याची शिक्षा झाली, म्हणजे दुरून दिसावं की हा पाखंडी. पिएर मोरी या धाडीत सापडला नाही. तो गावात नव्हताच; मेंढरांबरोबर डोंगरात होता. दोन वर्षांनी, एप्रिल 1310 मध्ये, तुलूझला पिएर ओतिएला जाळण्यात आलं.

आणि पाद्री क्लेर्ग? तो आता इन्क्विझिशनचा खबऱ्या झाला होता. आपल्या माणसांना वाचवायचं आणि वैऱ्यांना धर्मन्यायालयाच्या तोंडी द्यायचं, अशी त्याची चाल. मोर्स कुटुंबाने त्याच्याविरुद्ध तोंड उघडलं, तर त्या घरातल्या मेंगार्द नावाच्या बाईची जीभ कापण्यात आली. क्लेर्गांचं घर आणि बाकीचं गाव यांच्यातलं वैर त्यानंतर कधीच मिटलं नाही. पुढच्या चौकशीत लोक इतकं मोकळेपणाने बोलले, त्यात या वैराचा वाटा मोठा आहे.

ती पुढची चौकशी झाक फूर्निएची. साव्हेरदं या जवळच्याच गावात सामान्य घरात जन्मलेला, सिस्टर्शियन मठात वाढलेला, फोंफ्र्वादचा मठाधिपती आणि 1317 पासून पामिएचा बिशप. तो याच मातीतला होता आणि त्याला लोकांची भाषा कळत होती. 1318 ते 1325 या वर्षांत त्याच्या न्यायालयाने 370 दिवस बैठका घेतल्या, 98 प्रकरणं चालवली आणि 578 जबान्या नोंदवल्या. एकट्या मोंतायूचे पंचवीस जण त्याच्यासमोर उभे राहिले. त्याने छळाचा वापर जवळजवळ केला नाही. त्याचं हत्यार होतं प्रश्न. माणूस बोलत असे ऑक्सितानमध्ये. लेखनिक टिपणं काढी, मग मसुदा होई, तो आरोपीला त्याच्या भाषेत वाचून दाखवला जाई, त्याने दुरुस्त्या सुचवल्या तर केल्या जात, आणि शेवटी चर्मपत्रावर लॅटिनमध्ये पक्की प्रत तयार होई.

फूर्निएला तपशिलाची भूक होती. त्या दिवशी कोण कुठे बसलं होतं? दार उघडं होतं का? किती वेळ? उत्तरं आली ती गावाच्या मापात. दोन वेळा प्रभूची प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ. एल्मच्या झाडांना पानं फुटली होती तेव्हा. तीनचार वर्षं झाली असतील. एका बाईने सांगितलं की ती वाइन विकायची आणि तिच्याकडे माप नसल्यामुळे शेजारणीकडे मागायला गेली, तर तिथे तिला लपलेला पाखंडी दिसला. कुणी सांगितलं की छपरावर उन्हात उवा काढताना काय बोलणं झालं. उवा काढणं हे बायकांचं काम आणि मायेची खूण. आया मुलांच्या काढत, प्रेयसी प्रियकराच्या. किल्लेदाराची विधवा बेआत्रिस द प्लानिसोल हिने तर पाद्री क्लेर्गच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या, चुलीपाशी, खिडकीपाशी, बिछान्यात, आणि तेव्हा त्याने तिला आपली खरी श्रद्धा सांगितली होती. पुढे तिला अटक झाली तेव्हा तिच्या गाठोड्यात दोन नातवांच्या वाळवलेल्या नाळा सापडल्या. कोर्टकचेरीत जय मिळावा म्हणून त्या जपल्या आहेत, असं ती म्हणाली. असं काही विचारायचं कुणाला सुचलं असतं? फूर्निएला सगळंच टिपून ठेवायचं होतं, म्हणून ते राहिलं.

दरम्यान पिएर मोरी दक्षिणेत होता. सान मातेओ आणि मोरेया या गावांत पळून आलेल्या काथारांची छोटी वस्ती झाली होती. त्यांचा गुरू गियोम बेलिबास्त. तोही मूळचा मेंढका; भांडणात एका मेंढक्याचा खून करून परागंदा झालेला आणि मग दीक्षा घेतलेला. मोरेयात तो विणकरांसाठी फण्या बनवून पोट भरायचा. ब्रह्मचर्याचं व्रत त्याला पेललं नाही. त्याच्याबरोबर राहणाऱ्या रेमोंदला दिवस गेले तेव्हा त्याने घाईने तिचं लग्न पिएर मोरीशी लावून दिलं आणि काही दिवसांतच मोडायला लावलं. पिएरच्या लक्षात सगळं आलं. तरी त्याने बेलिबास्तला सोडलं नाही. त्याला त्या बोलण्याची, त्या सोबतीची गरज होती, असं वाटतं. किंवा मित्राला पडत्या काळात सोडायचं नसतं, एवढंच त्याला कळत होतं.

1318 मध्ये आर्नो सिक्र नावाचा चांभार सान मातेओला आला. त्याची आई काथार म्हणून जाळली गेली होती आणि घर जप्त झालं होतं. तो श्रद्धाळू म्हणून वस्तीत मिसळला, सगळ्यांचा विश्वास मिळवला. प्रत्यक्षात तो फूर्निएचा हेर होता. पाखंडी पकडून दिला की आईचं घर परत मिळायचं होतं. 1321 च्या वसंतात त्याने बेलिबास्तला, श्रीमंत मावशीला भेटायला जाऊ म्हणून, उत्तरेकडे आणलं. पर्वताच्या अलीकडे तिर्व्हिया इथे बेलिबास्त पकडला गेला आणि त्याच वर्षी विलरूज-तेर्मनेस इथे जाळला गेला. या मुलखातला ज्ञात असलेला तो शेवटचा काथार दीक्षित. इथेही घर आणि वाट यांचीच झुंज दिसते. सिक्रला घर हवं होतं, आणि त्यासाठी त्याने वाट विकली.

पाद्री पिएर क्लेर्ग 1321 मध्ये तुरुंगात वारला, काहीही कबूल न करता. त्याच्या सुटकेसाठी पैशांच्या राशी ओतलेला भाऊ बेर्नार 1324 मध्ये तसाच गेला. बेआत्रिस पिवळे क्रूस लावून सुटली. मोंतायूचा गियोम फोर चितेवर गेला. पिएर मोरी अखेर सापडला. त्याने आपल्या भटकंतीची लांबलचक हकिकत सांगितली, आणि 1324 मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

झाक फूर्निए पुढे कार्डिनल झाला आणि 1334 मध्ये बारावा बेनेडिक्ट या नावाने पोप. आव्हिन्योंचा भव्य पोप-प्रासाद बांधायला त्याने घेतला. जबान्यांची वही त्याच्याबरोबर गेली आणि शेवटी व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पोहोचली, लॅटिन हस्तलिखित क्रमांक 4030. झाँ द्युव्हेर्नुआ यांनी 1965 मध्ये तिची लॅटिन संहिता छापली. दहा वर्षांनी, 1975 मध्ये, इतिहासकार एमान्युएल ल र्वा लादुरी यांनी तिच्या आधारे गावाचं चरित्रच लिहिलं. एका चिमुकल्या खेड्यावरचं हे विद्वत्तापूर्ण पुस्तक लाखो वाचकांनी वाचलं, अनेक भाषांत गेलं. नंतर इतर अभ्यासकांनी एक रास्त प्रश्न विचारला: जिवाच्या भीतीने न्यायाधीशासमोर बोललेल्या माणसाचा शब्द किती मोकळा धरायचा? तो प्रश्न वाचताना जवळ ठेवायलाच हवा. जबानी देणारा काही लपवतो, काही वैऱ्यावर ढकलतो. पण सलगमचं शेत, मागून आणलेलं माप, एल्मची पानं यांबाबत खोटं बोलण्याचं कुणाला काय कारण असणार? मुख्य आरोपाच्या आडून जे सहज निसटलं, त्यावर माझा भरवसा जास्त आहे.

गावाचं पुढे काय झालं, तर डोंगरातल्या इतर गावांचं झालं तेच. चौदाव्या शतकात दुष्काळ आले, 1348 पासून प्लेगची साथ आली, शतकाच्या अखेरीस वस्ती निम्म्यावर होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आरिएजचे डोंगर रिकामे होऊ लागले; माणसं तुलूझला, खाणींत, कारखान्यांत, रेल्वेत गेली. क्लेर्ग हे आडनाव मात्र विसाव्या शतकापर्यंत मोंतायूत टिकून राहिलं. आणि वीसेक माणसांचं असलं तरी हे आजही स्वतंत्र कम्यून आहे, स्वतःचा महापौर आणि स्वतःची सभा असलेलं. फ्रान्समध्ये अशी सुमारे 35,000 कम्यून आहेत आणि त्यांतली कितीतरी एवढीच लहान.

जुन्या वाटाही पुसल्या गेलेल्या नाहीत. फ्वाहून निघून स्पेनमधल्या बेर्गापर्यंत जाणारा सुमारे 200 किलोमीटरचा एक आखलेला पदयात्रेचा मार्ग आहे. 'भल्या माणसांची वाट' हे त्याचं नाव. फ्रान्सच्या पायवाटांच्या यादीत तो 107 क्रमांकाने नोंदलेला आहे. तो मोंसेग्यूरवरून येतो, फ्राऊच्या घळीतून चढून कोम्यूसला पोहोचतो, तिथून मोंतायू. पुढे आरिएजच्या वरच्या खोऱ्यात उतरून मेरांसवरून पर्वताची धार ओलांडतो, सेर्दान्यात बेलव्हेरला उतरतो आणि बागा, गोसोल करत कातालोनियाच्या डोंगरांत जातो. चालणाऱ्याला साधारण दहा दिवस लागतात. पिएर मोरीला मेंढरं चारत चारत जायचं असल्यामुळे अधिक लागत असणार.